तक्रार काही नाही, धुवावा लागतो

आईचे खालचे शेवटचे पाच दात एकाच दिवशी काढले. निघताना दाताच्या डॉक्टरांनी सूचनांचा छापील कागद दिला आणि त्यातल्या एका ओळीखाली पेनाने दोन रेघा मारल्या: स्ट्रॉने काही प्यायचं नाही. ओढून पिताना जखमेवर धरलेली रक्ताची गुठळी सुटून येते आणि खरं दुखणं तिथून सुरू होतं, असं त्यांनी समजावलं. आई ७८ वर्षांची. रिक्षात बसल्यावर तोंडात कापसाचा बोळा असतानाही तिने खुणेने कागद मागितला, ती ओळ वाचली आणि माझ्याकडे असं पाहिलं, की मीच तिला रोज कॉलेजच्या कट्ट्यावर कोल्ड कॉफी प्यायला नेत असेन.

वरचे दात आधीच टप्प्याटप्प्याने गेले होते. ‘खालचे आहेत तोवर भागतंय’ म्हणून तिने कवळीचा विषय पाच वर्षं ढकलला होता. आता पूर्ण कवळी करायची, पण हिरड्या भरून बसायला दोन-तीन महिने जाणार. तोवर पेज, मऊ भात, वरणात कुस्करलेली पोळी. चौथ्या दिवशी ती ताटाकडे बघून म्हणाली, “हे सगळं मी तुला भरवलंय. तू सहा महिन्यांचा होतास तेव्हा.”

डिसेंबर चालू होता. मंडईत थंडीतली लाल गाजरं आली होती, आणि आई म्हणजे गाजर दिसलं की पुसून तसंच कडाकडा खाणारी बाई. मी दोन किलो घेऊन आलो, सवयीने. पिशवी ओट्यावर ठेवल्यावर लक्षात आलं. तिने एक गाजर उचललं, वास घेतला, परत ठेवलं. त्या रात्री मी ठरवलं की घरात ज्यूसर आणायचा.

“नवा आणू नकोस,” बायको म्हणाली. “दोन महिन्यांनी तो माळ्यावर जाणार, आणि माळ्यावर जागा नाही.” माळ्यावर आधीच सँडविच टोस्टर, सोऱ्याचे दोन संच आणि पाठीला मसाज करणारी एक गादी आहे. ती गादी माझी खरेदी. त्यामुळे वाद घालण्याची माझी पात्रता नव्हती.

जुना घ्यायचा म्हटल्यावर आधी पाय जुन्या बाजाराकडेच वळले. पुण्यात मंगळवार पेठेत रविवारी आणि बुधवारी भरतो तो. सायकलींचे दांडे, पितळी नळ, किल्ल्या नसलेली कुलपं, कुलपं नसलेल्या किल्ल्या, एकाच पायाचे बूट. मिक्सरची एक रांगच होती. खालचा भाग एका कंपनीचा, भांडं दुसऱ्या, झाकण तिसऱ्या, आणि तरी तिघं गुण्यागोविंदाने बसलेली. ज्यूसर दोन होते. तिसऱ्या मजल्यावरच्या काकांची हयात कारखान्याच्या मेंटेनन्समध्ये गेली. त्यांनी मला पढवून पाठवलं होतं. आधी खालच्या भोकांना नाक लाव, मोटरीचं वाइंडिंग, म्हणजे तारेची गुंडाळी, जळालेलं असेल तर वास लपत नाही. मग वरचा कपलर, म्हणजे भांडं अडकतं तो खुंट, धरून आडवा हलव, डुगडुगला तर बुश, म्हणजे आस धरणारं आतलं कडं, गेलं. आणि जाळी उजेडात धर. मी फुटपाथवर उकिडवा बसून एका ज्यूसरचा वास घेत असताना विकणारा म्हणाला, “साहेब, खायचाय का?”

वास ठीक होता. बुश गेलेलं होतं. दुसऱ्याची जाळी एका बाजूला चेपलेली. “ठोकून सरळ होईल,” तो म्हणाला. होईलही, पण ती जाळी मिनिटाला हजारो फेरे घेते, एका बाजूला जराशी जड झाली तरी सगळं यंत्र ओट्यावर नाचत फिरेल. मी तिथून एक पितळी कडी घेऊन परत आलो. कशाला घेतली ते अजून ठरायचंय.

शेवटी ज्यूसर मिळाला तो बायकोच्या मैत्रिणीच्या सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवरून. ‘ज्यूसर, चालू स्थितीत, खोक्यासह.’ कोथरूडचा पत्ता. दार उघडणारे गृहस्थ सत्तरीचे, इस्त्रीचा झब्बा घातलेले. टेबलावर खोकं, खोक्यात थर्माकोल, थर्माकोलमध्ये यंत्र, आणि प्लास्टिकच्या पिशवीत बिल, संपलेल्या मुदतीचं वॉरंटी कार्ड नि माहितीपुस्तिका. लग्नाच्या मुलीची पत्रिका दाखवावी तसं त्यांनी एकेक बाहेर काढलं. मी नाक लावलं, कपलर हलवला, जाळी खिडकीकडे धरली. सगळं उत्तम. फक्त चोथ्याच्या पांढऱ्या भांड्याच्या तळाशी नारिंगी झाक होती.

“गाजर?” मी विचारलं.

“एक जानेवारी ते संक्रांत. रोज,” ते म्हणाले. “दोघं प्यायलो.”

“मग का देताय? काही तक्रार?”

“तक्रार काही नाही.” ते क्षणभर थांबले. आतून भांड्यांचा आवाज आला. “धुवावा लागतो.”

सांगितले बाराशे, दिले नऊशे. घासाघीस मी केली कारण करावी लागते. पण घरी येताना वाटत राहिलं, इतकं खरं बोलणाऱ्या माणसाकडून तीनशे कमी करायला नको होते.

घरी आल्यावर यंत्र सुरूच होईना. पाच मिनिटं मी त्या झब्ब्यावर मनातल्या मनात खटला चालवला. मग पुस्तिकेत सापडलं: झाकणाच्या दोन्ही बाजूंच्या कड्या नीट बसल्याशिवाय आतला स्विच दाबलाच जात नाही. बोटं वाचावीत म्हणून ती सोय. कडी खटकन बसली आणि यंत्र असं ओरडलं की आई आतल्या खोलीतून बाहेर आली. आपल्याकडे उसाच्या चरकाला घुंगरं बांधायची अक्कल ज्याला सुचली त्या माणसाचं मला फार कौतुक आहे. पुण्यात नवनाथ किंवा कानिफनाथ नावाच्या कुठल्याही रसवंतीत बसा. यंत्राचा आवाज आहे की कुणाची वरात, कळत नाही. हे आमचं यंत्र म्हणजे अंगात आलेला व्हॅक्यूम क्लीनर.

आईने ते बंद करायला लावलं. झाकण काढ म्हणाली. मधल्या चकतीवर बारीक दातऱ्यांची रांग होती, भोवती जाळीची भिंत. तिने चष्मा खाली ओढून त्या दातऱ्यांवरून बोट फिरवलं.

“अगंबाई. ही तर किसणी.”

मग जाळी चिमटीत धरून बघितली. “आणि हा पंचा.”

मला लहानपणी कावीळ झाली होती. कितवीत होतो आठवत नाही, पण गाजर किसल्याचा खरखर आवाज आठवतो, आणि धुतलेल्या पंच्यात कीस घालून त्याची पुरचुंडी पिळणारी आईची मूठ आठवते. कडेने रस वाटीत पडायचा. शेवटी पुरचुंडीला एक पीळ जास्त द्यायची, तेव्हा तिच्या मनगटाची शीर वर यायची. यंत्रात नेमकं तेच चालतं. चकती किसते, आणि फिरण्याच्या वेगाने कीस जाळीवर फेकला जातो. रस भोकांतून बाहेर, चोथा जाळीच्या उतारावरून चढत मागच्या भांड्यात. गोफण गरगरवली की दगड सुटू बघतो, तसंच. पीळ द्यायच्या ऐवजी गरगरवायचं, एवढाच फरक. आणि दुकानात पाच आकडी किमतीचे ते ‘कोल्ड प्रेस’ म्हणून मिळतात ते किसत नाहीत, हळूहळू दाबून चिरडतात. म्हणजे जवळपास आपला चरकच. एवढं कळल्यावर यंत्राची भीती गेली. आईची गेली, माझी तर पैसे दिले तेव्हाच गेली होती.

किलोभर गाजरांतून जेमतेम दोन पेले निघाले. वर फेस. आईने चमच्याने फेस बाजूला केला आणि पेला तोंडाला लावून घोट घेतला. खूप वेळ तोंडात धरला. “गोड आहेत गाजरं,” एवढंच म्हणाली आणि उरलेला रस एकदाही पेला खाली न ठेवता प्यायली.

मग मी ओट्याकडे वळलो आणि कोथरूडच्या काकांचं वाक्य मला समजलं.

झाकण, दांडा, चकती, जाळी, रसाची ताटली, तोटी, पेला, चोथ्याचं भांडं. आठ वस्तू. रस काढायला तीन मिनिटं. धुवायला, पहिल्या दिवशी, पंचवीस. त्यातली पंधरा एकट्या जाळीची. भोकं सुईच्या टोकाएवढी, आणि गाजराचे तंतू त्यात बाहेरून आत नाही, आतून बाहेर नाही, तर मधोमध अडकून बसतात. नळाखाली धरून भागत नाही. घासणीने अजून आत जातात. पुस्तिकेत सोबतचा ब्रश वापरा असं लिहिलं होतं. त्या देखण्या खोक्यात सगळं होतं, ब्रश नव्हता. बहुधा तो एकटाच झिजून गेला असावा, एक ते चौदा जानेवारी या काळात.

“माझा घे,” आई दारातून म्हणाली.

मला आधी कळलंच नाही. ती न्हाणीघरात जाऊन स्वतःचा दात घासायचा ब्रश घेऊन आली. मऊ दातांचा, निळा, दात काढायच्या जेमतेम आठवडाभर आधी घेतलेला.

“मला काय करायचाय आता?”

ब्रश मात्र उत्तम चालला. ओली जाळी आधी आतून, मग बाहेरून, गोल नाही तर उभा फिरवायचा. आणि हे सगळं लगेच, रस पिण्याच्याही आधी. अर्धा तास गेला की गाजर सुकून जाळीचाच भाग होतं. मग कोमट पाण्यात बुडवून ठेवण्यावाचून गती नाही. वापरलेले ज्यूसर इतके नव्यासारखे का मिळतात, याचं उत्तर मला तेव्हा सिंकपाशी मिळालं. मोटर झिजायच्या आत माणूस झिजतो.

नारिंगी डागाचं औषध काकांनी सांगितलं, तिसऱ्या मजल्यावरच्या. गाजराचा रंग पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळतो. साबणाने घासत बसू नका, खोबरेल तेलाचं बोट फिरवा आणि मग धुवा. फिरवलं. आमचाच नाही, कोथरूडचा संक्रांतीचा डागसुद्धा बराच निघाला. उरलासुरला गॅलरीतल्या उन्हाने नेला.

पुढचा महिना प्रयोगांचा. मोसंबीने फसवलं. सालं काढून फोडी तशाच टाकल्या. रस निघाला तेव्हा चांगला होता, आई आंघोळ करून येईपर्यंत कडू. बियांत आणि पांढऱ्या पडद्यात जे असतं ते रसात मिसळलं की कडवटपणा असा हळूहळू वर येतो. बिया नि पांढरं काढून बघितलं तर बरंच सुधारलं. पण एवढं सोलायचं तर माणूस मोसंबी खाईल ना. रस्त्यावरचा माणूस काढल्या काढल्या हातात देतो आणि आपण उभ्या उभ्या पितो, त्यात शहाणपण आहे. डाळिंब छान. बीट आईला मातीसारखं लागलं. आवळा तिला आवडला, यंत्राला नाही. त्याबद्दल पुढे सांगतो.

दुधीचा सल्ला चारजणांनी दिला. पुण्यात सकाळी कुठल्याही बागेच्या किंवा टेकडीच्या तोंडाशी स्टीलच्या कॅन घेऊन दुधी-कारल्याचा रस विकणारे असतात आणि घाम पुसत तो पिणारेही असतात. त्यामुळे सल्लागारांना तोटा नाही. मी दुधी चिरून नळीत सोडणार इतक्यात आईने हात धरला. एक काप घेतला, जिभेला लावला, थांबली. चावता येत नव्हता तरी. “टोकाचा तुकडा आधी चाखायचा असतो,” म्हणाली. “कडू निघाला तर सगळा फेकायचा.” मी ते जुन्या बायकांच्या सोवळ्याओवळ्यात जमा करणार होतो, पण बायकोने ती बातमी काढून दाखवली. २०१० साली दिल्लीत एका शास्त्रज्ञाचा कडू दुधीचा रस प्यायल्यानंतर मृत्यू झाला होता. त्यानंतर नेमलेल्या तज्ज्ञांच्या समितीनेही हेच सांगितलं: रस काढण्यापूर्वी तुकडा चाखा, कडू असेल तर रस अजिबात पिऊ नका. त्या कडूपणात कुकुरबिटासिन नावाची विषारी द्रव्यं असतात. भाजीत कडू घास आपण थुंकतो. रसात आलं-लिंबू घालून औषध म्हणून गिळून टाकतो. आमचा दुधी गोडा निघाला. तरी आईने दोन घोट घेऊन उरलेला पेला माझ्याकडे सरकवला. “तूच पी. तुझं पोट सुटलंय.”

बायको एकदा वाचायला लागली की थांबत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ सालीच फळांच्या रसातली साखर मध आणि पाकाच्या पंगतीत नेऊन बसवलीय, आणि हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या आहारसूचनाही रसापेक्षा अख्खं फळ खा म्हणतात, हे तिने मला जेवताना ऐकवलं. आईची साखर उंबरठ्यावर आहे. मग पेल्याचा अर्धा पेला झाला, आणि त्या अर्ध्या पेल्यात बायको दोन चमचे चोथा परत घालू लागली. तंतू पोटात जावेत म्हणून.

म्हणजे वेगळं करायला यंत्र, आणि पुन्हा एकत्र करायला चमचा.

चोथ्याचं काय करायचं हा तर वेगळाच संसार झाला. थालीपिठात घातला. पराठ्यात घातला. आईने त्याच्या वड्या केल्या, खवा आणि वाटीभर साखर घालून, आणि माझ्या चेहऱ्याकडे बघून म्हणाली, “तुम्हा लोकांसाठी केल्यात.” दोन वड्या तिच्या बशीत होत्या. तोंडात विरघळणाऱ्या. उरलेला चोथा ओल्या कचऱ्यात जायचा. सकाळी कचरा न्यायला ‘स्वच्छ’ संस्थेच्या ताई येतात, एक दिवस बादली उचलून थांबल्या. “दादा, रस कोन पितंय घरात? चोथा लई जड येतोय.” दुसऱ्या दिवसापासून मी तो निथळून, वर्तमानपत्रात गुंडाळून देऊ लागलो. पिळून निघालेली गोष्ट इतकी ओली कशी राहते, हे माझ्या यंत्राला विचारायला हवं. आईच्या पुरचुंडीतला चोथा कोरडा असायचा, हातातून भुसभुशीत पडायचा.

आणि मग आवळा. एका रविवारी अर्धा किलो आवळे एकामागून एक ढकलत होतो. मागचं भांडं भरलेलं होतं, ते मी पाहिलंच नाही. आवाज जाड झाला, वास आला, यंत्र बंद. मी ते पोटाशी धरून शेजारच्या गल्लीतल्या मिक्सर-दुरुस्तीवाल्याकडे गेलो, चेहरा इस्पितळात जातो तसा. त्याने उलटं केलं आणि तळाचं लाल बटण दाबलं. चालू.

“ओव्हरलोड. आपोआप बंद पडतं. मोटर वाचावी म्हणून.”

“किती झाले?”

“बटण दाबायचे पैसे घेत नाही काका.”

पण लगेच दिलं नाही त्याने. दिवा बंद करून यंत्र सुरू केलं आणि मला भोकांतून आत बघायला सांगितलं. अंधारात निळसर ठिणग्या गोल फिरत होत्या. “थोड्या असतात. ह्या जास्ती आहेत. कार्बन गेलेत.” स्क्रू काढून त्याने दोन बाजूंनी दोन काळे तुकडे बाहेर ओढले, मागे स्प्रिंग असलेले. मोटरीच्या फिरणाऱ्या भागाला, म्हणजे आर्मेचरला, टेकून वीज आत पोचवायची आणि स्वतः झिजत राहायचं, एवढंच त्यांचं काम. नवी जोडी बोटाच्या पेराएवढी होती, आमची नखाएवढी. एका पंधरवड्यात एवढे झिजणार नाहीत, म्हणजे कोथरूडच्या काकांच्या आधीही कुणीतरी... पण बिल तर त्यांच्या नावाचं होतं. कदाचित संक्रांती एकाहून जास्त झाल्या असतील. जोडी आणि मजुरी मिळून दीडशे घेतले.

घरी आल्यावर आई म्हणाली, “आपला सुमीत नाही असा कधी बंद पडला.” तिचा तो मिक्सर लग्नानंतर चार वर्षांनी आला आणि मी नोकरीला लागलो तरी चालत होता. तो मिक्सर ज्यांनी बनवला ते सत्यप्रकाश माथुर इंजिनियर होते. घरातला परदेशी मिक्सर आपल्या वाटणांनी जळला म्हणून १९६० च्या दशकात त्यांनी आपल्या स्वयंपाकघराला पेलेल असा काढला. आईला हे मी सांगितलं. तिला त्यात विशेष काही वाटलं नाही. “बायको वैतागली असेल त्यांची,” म्हणाली.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात कवळी आली. पहिले दोन दिवस ती बोलताना शिट्टी वाजायची, मग बसली. तिसऱ्या दिवशी तिने गाजर मागितलं. लाल गाजरांचा हंगाम संपला होता, नारिंगी मिळाली, जरा चरबट. तिने स्वतः पातळ चकत्या केल्या, एक मागच्या दातांवर ठेवली आणि सावकाश दाब दिला. कट्. तिघंही गप्प बसून तो आवाज ऐकत होतो. मग दुसरी. पाच चकत्या खायला वीस मिनिटं लागली.

मी त्याच गाजरांचा बायकोसाठी आणि माझ्यासाठी रस काढला होता आणि सिंकपाशी जाळी धुऊन खिडकीच्या उजेडात धरून बघत होतो. आता पाच मिनिटांत होते माझी. चार भोकं बंद दिसत होती.

“माझा ब्रश कुठाय रे?” आईने न्हाणीघरातून विचारलं. “डॉक्टर म्हणालेत, कवळी रोज रात्री ब्रशने धुवायची.”

तो माझ्या हातात होता. निळा होता ते दांड्यावरून कळत होतं. पुढचे दात गाजराने केशरी झाले होते.

“नवा आणतो उद्या.”

“नवा कशाला? आठवडासुद्धा वापरला नव्हता मी. धू आणि दे.”

ती चार भोकं तशीच सोडून मी खोबरेल तेलाची बाटली शोधायला लागलो.